पानं, मुतखडा आणि जलपर्णी : तीन वर्षं फिजी वापरल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगते, फिजी म्हणजे हनिमूनवाल्यांचा तो बेटांचा देश नाही, तिथं जायची आपली ऐपत पण नाही. हे फोटोवरून मोजमाप काढायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, आणि एमएस्सीच्या डेझर्टेशनपासून आत्ताच्या प्रोजेक्टच्या नोकरीपर्यंत मी ते जवळजवळ रोज उघडतेय. मी बॉटनीची, कंप्युटरची नाही, त्यामुळे कोडिंगवाल्यांनी हे वाचून नाक मुरडू नये. ज्यांना सरांनी "इमेजजे मधे करून टाक" एवढंच सांगून सोडून दिलंय आणि जे रात्री साडेअकराला तो टूलबार बघत बसलेत की आता याचं करायचं काय, त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी नावाचा घोळ मिटवते. अमेरिकेत बेथेस्डाला एनआयएच म्हणून मोठी सरकारी आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथल्या वेन रॅसबँड या माणसाने १९८७ मधे मॅकवर चालणारा एनआयएच इमेज नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला, तो मॅक सोडून बाकी कुठे चालेना म्हणून १९९७ मधे जावामधे नवीन लिहिला, त्या जावाचा जे म्हणून इमेजजे. सरकारी नोकरीतलं काम असल्याने ते पब्लिक डोमेन आहे, म्हणजे लायसन नाही, सीरियल-की नाही, क्रॅक नाही, सीनियरच्या पेनड्राइव्हमधून चोरून घ्यायची भानगड नाही. आणि फिजी म्हणजे तेच इमेजजे, फक्त लागणारी प्लगइन, म्हणजे जोडायचे छोटे प्रोग्राम, आधीच भरून दिलेली, जशी आई डब्यात पोळी-भाजी-लोणचं सगळं भरून देते तसं. फुल फॉर्म काय तर "फिजी इज जस्ट इमेजजे". फुल फॉर्मच्या आत परत फिजी. शास्त्रज्ञ लोकांचे जोक हे असेच असतात, हसून घ्यायचं.

उघडल्यावर पहिलं जे होतं ते म्हणजे निराशा. स्क्रीनभर काहीतरी भारी उघडेल असं वाटतं आणि उघडते काय तर एक बारकी आडवी पट्टी, नव्वदच्या दशकातल्या कंप्युटर क्लासमधून उचलून आणल्यासारखी. मी पहिल्यांदा वाटच बघत बसले की बाकीचं लोड होतंय. लोड काही होत नव्हतं, एवढंच असतं. प्रत्येक फोटो वेगळ्या खिडकीत, रिझल्ट वेगळ्या खिडकीत, थ्रेशोल्डचा डबा वेगळा, अर्ध्या तासात स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं होतं. इन्स्टॉल मात्र काही करावं लागत नाही, झिप सोडायची आणि चालवायची, फक्त ती प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमधे सोडू नका कारण मग अपडेट करताना परवानगीची कटकट होते, सरळ डेस्कटॉपवर किंवा डी ड्राइव्हवर ठेवा. आणि एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली ती म्हणजे सँपल फोटोंचा मेनू. त्यात ओळीने एक पान आहे, डोक्याचा एमआरआय आहे, पेशी आहेत, आणि चक्क एक आकाशगंगा पण आहे. म्हणजे त्या बिचाऱ्या पट्टीला काही फरक पडत नाही फोटो कशाचा आहे, तिच्यासाठी सगळे नुसते आकड्यांचे चौकोन.

माझी सुरुवात पानांपासून. डेझर्टेशनला पानांचं क्षेत्रफळ काढायचं होतं, दोनशे चाळीस पानं. आमच्या डिपार्टमेंटची परंपरागत पद्धत म्हणजे ग्राफ पेपर. पान ठेवायचं, पेन्सिलीने कड मारायची, आणि मग आतले चौकोन मोजायचे, अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला चौकोन धरायचा आणि कमी भरलेला सोडायचा. एका पानाला पंधरा मिनिटं, वर कडेच्या चौकोनांवरून मैत्रिणीशी भांडण की हा अर्धा आहे का पाऊण. नऊ पानं झाल्यावर मी हात टेकले. मग सीनियर दादाने सांगितलं की अगं स्कॅन कर आणि फिजीत टाक. डिपार्टमेंटचा स्कॅनर अर्थातच बंद. म्हणून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले, पिशवीतून पानं काढली आणि काचेवर मांडायला लागले तर काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. "मॅडम कागद आणा की, हा पाला काय लावलाय." पण करू दिलं बिचाऱ्यांनी, एका स्कॅनचे पाच रुपये घेतले आणि काच पुसायला ओला फडका पण दिला.

तर युक्ती अशी की पानांच्या शेजारी एक मोजपट्टी ठेवून स्कॅन करायचं. मग फिजीमधे पट्टीवरच्या एका सेंटिमीटरवर रेष मारायची, सेट स्केलमधे जाऊन सांगायचं की ही रेष म्हणजे एक सेंटिमीटर. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके असा स्कॅन असेल तर साधारण ११८ पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर यायला पाहिजे, नाही आलं तर झेरॉक्सवाल्याने फिट टू पेज मारलंय हे समजून जा, माझ्या पहिल्या बॅचला तेच झालं होतं. मग फोटो काळापांढरा करायचा, थ्रेशोल्ड लावून पान आणि कागद वेगळं करायचं, ॲनालाइज पार्टिकल्स दाबायचं आणि दोनशे चाळीस पानांचं क्षेत्रफळ ओळीने टेबलमधे. एक दुपार. मी खरंच खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आले, विश्वासच बसेना.

आता इथे खरी गोम आहे आणि हा अख्खा रिव्ह्यू त्या गोमेबद्दलच आहे म्हणा ना. थ्रेशोल्ड म्हणजे काय तर एक सरकती पट्टी. ० (काळं) ते २५५ (पांढरं) मधे एक आकडा ठरवायचा, त्याच्या अलीकडचं सगळं पान आणि पलीकडचं सगळं कागद. पट्टी थोडी इकडे सरकवली की पानाची कड बारीक होते, थोडी तिकडे सरकवली की पानाची सावली पण पानात जमा. ऑटो दाबलं की सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं, पण ऑटो पण एक नाही, पंधरा-सोळा आहेत. ऑटो थ्रेशोल्डमधे ट्राय ऑल म्हणून पर्याय आहे तो एकदा मारून बघाच, सगळ्या पद्धतींचे निकाल एकाच चित्रात शेजारी शेजारी येतात आणि एकाच पानाची सोळा पानं दिसतात, कुठे नुसता देठ, कुठे अख्खा कागदच काळा. आमच्या फील्डमधे जास्त चालते ती ओत्सूची पद्धत, नोबुयुकी ओत्सू नावाच्या जपानी माणसाने १९७९ मधे दिलेली, ती रेष अशा जागी मारते की दोन्ही बाजूंच्या गटात आतल्या आत कमीत कमी फरक राहील. पांढऱ्या कागदावर हिरवं पान असलं की ती झकास चालते, कारण तिथं खरोखर दोनच गट असतात. पण पिवळं पडलेलं, करपा लागलेलं पान ठेवा, मग बघा गंमत. करपलेला भाग सरळ कागदात जमा करते.

स्टोमाटाचं, म्हणजे पानावरच्या बारीक पर्णरंध्रांचं, प्रकरण सांगितलं नाही तर हा रिव्ह्यू अप्रामाणिक होईल. पानाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सेलोटेपने सोलून स्लाइडवर चिकटवायचं, मायक्रोस्कोपखाली पर्णरंध्रांचा ठसा मस्त दिसतो. स्केलसाठी स्टेज मायक्रोमीटर असतो, एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचेची स्लाइड, एक भाग म्हणजे दहा मायक्रॉन. मी शहाणीने त्याचा फोटो १० एक्सच्या लेन्सवर काढला, सेट स्केल केलं, आणि तिथं खाली ग्लोबल नावाचा एक चौकोन असतो त्यावर टिक मारली, म्हणजे इथून पुढे उघडणाऱ्या सगळ्या फोटोंना तेच स्केल. आणि सगळे स्टोमाटाचे फोटो होते ४० एक्सचे. तीन आठवडे मोजत होते. लांबी चौपट येत होती, क्षेत्रफळ सोळापट, आणि घनता सोळाव्या भागाएवढी, आणि सॉफ्टवेअरने एका अक्षराने तक्रार केली नाही, करणार तरी कशी, त्याला काय माहीत मी लेन्स बदलली ते. सरांनी टेबल बघितलं, चष्मा वर केला, म्हणाले, "अगं एकशे वीस मायक्रॉन? ही पर्णरंध्रं आहेत का बोअरवेल?" तेव्हापासून मी ग्लोबलवर टिक मारण्याआधी दोनदा विचार करते आणि प्रत्येक फाइलच्या नावात लेन्स लिहिते.

मॅक्रो रेकॉर्डर या गोष्टीला मात्र वेगळे पाच स्टार. तुम्ही माऊसने जे जे करताय ते बाजूच्या खिडकीत ओळीओळीने लिहून ठेवतो, मग त्या ओळी सेव्ह करायच्या आणि पुढच्या फोल्डरवर तशाच चालवायच्या. मला एक ओळ कोड येत नव्हता तेव्हापासून मी हे वापरतेय. याचा खरा फायदा वेळ वाचतो हा नाहीच, तर सहा महिन्यांनी कोणी विचारलं की तुम्ही थ्रेशोल्ड किती ठेवला होता तर दाखवता येतं, तिथं लिहिलेलंच असतं. स्टोमाटाचा घोळ दुरुस्त करायला मला तीन आठवडे नाही, दीड दिवस लागला, तो यामुळेच.

निकालाचं टेबल सीएसव्ही नावाच्या साध्या फाइलमधे निघतं आणि मग लोक ते एक्सेलमधे उघडतात, तिथं एक वेगळीच चेटकीण बसलेली असते. माझ्या नमुन्यांचे नंबर होते ३-२, ४-१ असे, म्हणजे तिसऱ्या झाडाचं दुसरं पान, एक्सेलने त्याची ३ फेब्रुवारी करून टाकली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मग कळलं जेनेटिक्सवाले पण यानेच रडलेत, मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांची जनुकं तारखा होऊन बसायची, शेवटी २०२० मधे नावं ठरवणाऱ्या समितीनेच जनुकांची नावं बदलली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, जनुकं बदलली! तर नमुन्यांना झा३पा२ अशी काहीतरी नावं द्या.

आता मुतखडा. मागच्या उन्हाळ्यात आप्पांना रात्री दोनला पाठीत कळ आली, सकाळी सीटी स्कॅन झाला, रिपोर्टमधे डाव्या मूत्रनलिकेत ६ मिलिमीटरचा खडा. सेंटरने एक सीडी दिली. आता सीडी घालायला ड्राइव्ह कुठल्या लॅपटॉपला असतो हो आजकाल, शेवटी शेजारच्यांच्या जुन्या डबड्यातून कॉपी केली, तर त्यावरचा व्ह्यूअर काही केल्या चालेना. आतल्या फाइली मात्र डायकॉमच्या होत्या, दवाखान्यातल्या सगळ्या स्कॅनचा तोच फॉरमॅट असतो, आणि फिजी डायकॉम उघडतं. अख्खं फोल्डर उचलून फिजीच्या पट्टीवर टाकलं आणि आप्पांचं पोट कापलेल्या बटाट्यासारखं एक एक चकती दिसायला लागलं. आई म्हणाली बंद कर ते, बघवत नाही.

इथं पट्टी शेजारी ठेवायची गरज नसते, एक पिक्सेल किती मिलिमीटरचा हे फाइलच्या आतच लिहिलेलं असतं आणि फिजी ते आपोआप घेतं. शिवाय सीटीमधले आकडे नुसते काळेपांढरे नसतात, त्यांना ठरलेलं माप आहे, पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, हाड शेकड्यांत. हे हाउन्सफिल्ड युनिट. गॉडफ्री हाउन्सफिल्ड हा ईएमआयमधला इंजिनिअर, हो तीच गाण्याच्या रेकॉर्डवाली ईएमआय, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमधे त्याने बनवलेल्या सीटी मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला आणि १९७९ मधे त्याला सीटीमागचं गणित मांडणाऱ्या ॲलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं. योगायोग बघा, ओत्सूच्या पद्धतीचं पण तेच साल.

तर मी माऊस खड्यावर नेला, आजूबाजूला वीस-तीस आकडे आणि खड्यावर एकदम आठशेच्या वर. रेष मारून मोजलं तर ७.८ मिलिमीटर. पोटात गोळाच आला. रिपोर्टमधे ६ आणि मला ७.८, म्हणजे रिपोर्ट चुकला? डॉक्टरांना फोन करू का? मग जरा डोकं शांत करून बघितलं तर मी फोटो पोटाचे मऊ अवयव दिसतील अशा ब्राइटनेसवर ठेवला होता, त्यात खड्याची कड फुगलेली दिसते, कारण कडेच्या पिक्सेलमधे थोडा खडा आणि थोडं मांस असं मिसळलेलं असतं आणि त्या सेटिंगला तो अर्धवट पिक्सेल पण पांढराफटक दिसतो. हाडांसाठी ठेवतात तसं सेटिंग केलं, तीच चकती, तोच खडा, ६.१. म्हणजे परत तेच पानाच्या कडेचं भांडण, अर्धा भरलेला चौकोन धरायचा का सोडायचा. ग्राफ पेपरवर मैत्रीण तरी होती भांडायला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भीत भीत विचारलं, ते हसले, म्हणाले आम्ही हाडाच्या सेटिंगवरच मोजतो, आणि तुम्ही घरी हे उद्योग करू नका. बरोबरच आहे त्यांचं. फिजी हे निदानासाठी नाहीच, ते संशोधनासाठी आहे, घरच्यांचे स्कॅन बघून कुणी स्वतः डॉक्टर होऊ नये, मी एका रात्रीत बीपी वाढवून घेतलं ते पुरे. नुसते स्कॅन नीट बघायचेच असतील तर थ्रीडी स्लायसर फुकट आहे आणि त्या कामाला कितीतरी बरं आहे. आणि अजून एक, डायकॉम फाइलमधे कंट्रोल आय दाबून माहिती बघा, पेशंटचं नाव, जन्मतारीख सगळं लिहिलेलं असतं. कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी कुणाचा स्कॅन ढापणार असाल तर आधी ते काढा, नुसतं चित्रावर काळी पट्टी मारून भागत नाही.

आता तिसरं, सध्याचं काम. आमच्या गावाजवळच्या तलावात जलपर्णी किती पसरली आणि कधी पसरली हे काढायचंय. मूळची दक्षिण अमेरिकेची ही बया, सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते, वरून जांभळ्या फुलांचा गालिचा आणि खाली पाण्याला ना ऊन ना ऑक्सिजन. आधी बदकं पोहायची तिथं आता गाईबगळे जलपर्णीवरून चालत जातात. अधिवास बदलला म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नको.

मी आधी आळशीपणा केला, गूगल अर्थवरची जुनी चित्रं स्क्रीनशॉट काढून फिजीत टाकली आणि हिरवा रंग मोजला. वाया गेलेले आठ दिवस. प्रत्येक तारखेच्या चित्राचा रंगच वेगळा, एकात पाणीच हिरवं, एकात ढगाची सावली, आणि झूम जरा बदलला की स्केल गेलं. मग नीट केलं, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, २०१५ पासूनची, त्यातले लाल आणि जवळच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचे बँड, म्हणजे त्या त्या प्रकाशाची वेगळी चित्रं, टिफ फाइलमधे उतरवले. जिवंत हिरवी पानं लाल खातात आणि अवरक्त परत फेकतात, म्हणून अवरक्त वजा लाल भागिले त्या दोघांची बेरीज केली की एनडीव्हीआय नावाचा हिरवाईचा आकडा येतो, पाण्यावर साधारण शून्याच्या खाली आणि दाट जलपर्णीवर चांगला वर. फिजीच्या इमेज कॅल्क्युलेटरमधे हे तीन क्लिकमधे होतं, पण तिथं ३२ बिटचा चौकोन टिक करायला विसरलात तर उणे आकडे सरळ शून्य होतात आणि काही बोलत नाही ते. मी विसरले होते, हे सांगायला नकोच.

या बँडमधे एक पिक्सेल म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे शंभर पिक्सेल झाले की एक हेक्टर, तोंडी हिशोब. आणि परत तीच सरकती पट्टी! एनडीव्हीआय ०.२ च्या वर सगळी जलपर्णी म्हणायची का ०.४ च्या वर? ०.२ धरलं तर काठावरचं गवत आणि पाण्यातलं शेवाळ पण आत येतं, ०.४ धरलं तर विरळ कोवळी जलपर्णी बाहेर राहते, आणि दोन्हींच्या मधे आमच्या तलावातली जवळजवळ पाव जलपर्णी गायब किंवा हजर होते. पेपरात बातमी येते ना की तलावाचा इतका इतका टक्के भाग जलपर्णीने व्यापला, मी आता लगेच विचारते रेष कुठं मारली होती. शेवटी आम्ही कोळ्यांची होडी घेतली, जीपीएस घेऊन दोन दिवस फिरलो, इथं दाट, इथं विरळ, इथं नुसतं शेवाळ असे ठिपके घेतले आणि मग त्या ठिपक्यांवर एनडीव्हीआय किती दिसतो ते बघून रेष ठरवली. होडीवाले मामा म्हणाले, "एवढंच बघायचं होतं तर मला विचारायचं, कुठनं सुरू झाली ते मी सांगितलं असतं." विचारलं. ओढा जिथं मिळतो तिथनं, म्हणाले. सगळ्यात जुन्या चित्रात पहिला ठिपका तिथंच आहे.

उपग्रहाच्या कामाला फिजी हे खरं तर योग्य हत्यार नाही हे पण प्रामाणिकपणे सांगते. त्याला नकाशा कळत नाही. टिफच्या आत हा चौकोन पृथ्वीवर कुठं आहे ही माहिती असते ती फिजीतून सेव्ह केलं की उडते, मग त्यावर गावाची हद्द किंवा जीपीएसचे ठिपके बसवता येत नाहीत, ते ठिपके बसवायला मी हाताने पिक्सेल मोजत बसले होते, वेड्यासारखी. आता ते सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे करते, ते पण फुकट आहे. आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चित्रात नुसते ढग, त्याला फिजीचा काही इलाज नाही आणि कुठल्याच साध्या फोटोचा नाही, ढगातून बघायचं तर सेंटिनेल-१ चं रडार लागतं, ते मी अजून शिकतेय.

मागच्या सप्टेंबरमधे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून सीतेची आसवं ही रानफुलं किती जागा व्यापतात ते पण रंगावरून काढलं. निळा-जांभळा रंग छान वेगळा निघतो, पण फोटोत स्वतःची सावली पडली की ती पण जांभळट मोजते, छत्री धरायला एक माणूस लागतो. आणि फील्डवरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पाठवले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते इतके दाबले जातात की फुलाच्या कडेला रंगाचे चौकोनी फुगे येतात.

तक्रारी आहेतच. पहिली आणि सगळ्यात मोठी, अनडू फक्त एकदाच. एकच पाऊल मागे जाता येतं, दुसऱ्यांदा कंट्रोल झेड दाबलं की काही होत नाही, म्हणून कुठलंही काम करण्याआधी कंट्रोल शिफ्ट डी मारून फोटोची कॉपी काढायची सवय लावा, मूळ फोटोला हात लावायचाच नाही. दुसरं, काळं म्हणजे वस्तू का पांढरं म्हणजे वस्तू याचा घोळ, सँपलमधल्या ब्लॉब्सच्या चित्रात तर रंगच उलटे दाखवलेले आहेत, नवीन पोरं त्यावर शिकतात आणि मग स्वतःच्या फोटोत पान सोडून कागद मोजतात. तिसरं, मेमरी. पॅथॉलॉजीची अख्खी स्कॅन केलेली स्लाइड उघडायला गेलात तर फॅन विमानासारखा ओरडतो आणि मग मेमरी संपली म्हणून पाटी येते, सेटिंगमधे मेमरी वाढवता येते, आणि फिजीच्या त्या आडव्या पट्टीच्या खालच्या भागावर क्लिक केलं की थोडी मोकळी पण होते, हे मला दोन वर्षांनी कळलं. तसल्या अवाढव्य स्लाइडसाठी क्यूपाथ वापरा, ते त्याच कामासाठी आहे. चिकटलेल्या पेशी वेगळ्या करायला फिजीतलं वॉटरशेड कामचलाऊ आहे, गोल पेशी असतील तर ठीक, लांबट असतील तर गाजराचे तुकडे करतं, तिथं स्टारडिस्ट किंवा सेलपोज टाकून बघा, हल्लीच्या एआयवाल्या गोष्टी आहेत, आणि खरंच चांगल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या हातातली नाही. ब्राइटनेस वाढवणं, डीएनए-प्रथिनांच्या जेलच्या फोटोतला नको तो पट्टा कापणं, हे सगळं फिजीत दोन सेकंदांचं काम आहे. एलिझाबेथ बिक नावाच्या डच मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंनी वीस हजारांहून जास्त शोधनिबंधांतले फोटो डोळ्यांनी तपासले, २०१६ मधे छापलं, आणि साधारण ३.८ टक्के निबंधांत तोच फोटो परत वापरलेला किंवा फिरवून लावलेला असे घोळ सापडले. डोळ्यांनी! आमच्या लॅबमधे आता नियम आहे की पेपरमधल्या प्रत्येक फोटोची मूळ फाइल आणि मॅक्रो दोन्ही एका फोल्डरमधे पाहिजे. कंटाळा येतो, पण स्टोमाटाच्या वेळी मॅक्रोनेच मला वाचवलं हे आठवतं आणि गपगुमान सेव्ह करते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो अनडूसाठी, आणि त्यावर मी तडजोड करणार नाही. लाखांत किंमत असलेलं मायक्रोस्कोपबरोबरचं सॉफ्टवेअर आमच्याकडे एका कंप्युटरवर एका डोंगलवर, म्हणजे लायसनच्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्यावर, चालतं, आणि तो डोंगल मॅडमच्या कपाटात असतो. फिजी माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि त्या मायक्रोस्कोपच्या कंपनीच्या फाइली पण उघडतं, बायो-फॉरमॅट्स नावाच्या प्लगइनमुळे, दीडशेवर फॉरमॅट वाचतं ते.

आप्पांचा खडा गोळ्या आणि भरपूर पाण्यावर अठराव्या दिवशी पडला. आईच्या मते कुळथाच्या कढणाने. आप्पांनी तो धुऊन काडेपेटीत ठेवला होता, मी सुट्टीला घरी गेले तेव्हा लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर मुद्दाम बरोबर नेला. ५.८ मिलिमीटर. आप्पा म्हणाले, एवढ्याशा खड्यासाठी तू रात्रभर जागलीस होय, मला विचारायचं, मी सांगितलं असतं केवढा होता ते.